घर विकायचे आहे? बैठक मांडा, पण दोष झाकू नका

मुलाला पुण्यात नोकरी लागते. मुलीच्या शिक्षणासाठी नाशिकला बिऱ्हाड न्यावे लागते. भावाभावांत वाटणी ठरते, किंवा सुना-नातवंडांनी भरलेल्या कुटुंबाला गल्लीतले जुने घर अपुरे पडू लागते. कारण कोणतेही असो, घर विकण्याची वेळ बहुतेक कुटुंबांवर आयुष्यात एखाद-दुसऱ्या वेळीच येते. त्यामुळे या कामाचा सराव कुणालाच नसतो. लग्नाची तयारी कशी करावी हे सांगणाऱ्या खाला आणि फुफी घरोघरी असतात. घर दाखवण्याची तयारी कशी करावी हे सांगायला मात्र दलालाशिवाय कुणी भेटत नाही, आणि त्याचा सल्ला बहुधा दोन शब्दांत संपतो : रंग मारा.

अमेरिकेत हा स्वतंत्र व्यवसाय आहे. १९७० च्या दशकात सिएटल परिसरातील बार्ब श्वार्झ या महिलेने नाटकाचा रंगमंच सजवावा तशी विक्रीची घरे मांडून द्यायला सुरुवात केली आणि पुढे या कामाला 'होम स्टेजिंग' हे नाव रूढ झाले. तिकडे भाड्याने सोफे आणतात, चित्रे टांगतात. आपल्या जळगाव-धुळ्यात याची गरज नाही आणि ते परवडणारेही नाही. पण त्यामागचा विचार साधा आहे आणि आपल्याही कामाचा आहे. घर पाहायला आलेल्या माणसाला आपला संसार पाहायचा नसतो. त्या जागेत त्याचा स्वतःचा संसार मावेल का, हे त्याला पाहायचे असते. अम्मीचा पलंग कुठे बसेल, मुले अभ्यासाला कुठे बसतील, पाहुणे आले तर जा-नमाज कुठे अंथरता येईल, हे तो मनात मांडत असतो. आपल्या सामानाने खोली गच्च भरली असेल तर त्याला हे मांडता येत नाही. 'घर लहान आहे,' एवढेच तो बाहेर पडताना म्हणतो.

आधी मोजा, मग हलवा

शाळेत एकाच मापाचे दोन वर्ग असतात. एकात बाके वेडीवाकडी असली की तो कोंदट वाटतो. दुसऱ्यात दोन रांगांमध्ये नीट वाट सोडली की तीच खोली मोठी दिसते. भिंती तेवढ्याच, मुले तेवढीच. घराच्या बैठकीचेही तसेच आहे. म्हणून सामान उचलण्याआधी टेप, वही आणि पेन्सिल घ्या.

समजा, बैठक १० फूट बाय १२ फूट आहे, म्हणजे १२० चौरस फूट. आता सामान मोजू. तिघांचा सोफा सुमारे साडेसहा बाय तीन, म्हणजे जवळपास २० चौरस फूट. एकेकट्याच्या दोन खुर्च्या मिळून १८. दिवाण सहा बाय तीन, १८. टीपॉय चार बाय दोन, ८. शोकेस चार बाय दीड, ६. बेरीज झाली ७०. अर्ध्याहून अधिक जमीन सामानानेच व्यापली! उरलेल्या ५० फुटांत दारे उघडायची, माणसांनी चालायचे आणि गिऱ्हाइकाने आपले भविष्य पाहायचे.

आता यातला दिवाण, एक खुर्ची आणि शोकेस बाहेर काढा. ३३ फूट मोकळे झाले. मोकळी जागा ५० वरून ८३ झाली, म्हणजे खोलीचा दोन-तृतीयांशाहून अधिक भाग. एक पैसा खर्च झाला नाही. काढलेले सामान काही आठवड्यांसाठी भावाकडे किंवा चुलत्यांकडे ठेवता येते. नाहीतरी घर बदलताना ते बांधायचेच आहे. चार दिवस आधी बांधले असे समजा. जे नव्या घरी न्यायचेच नाही, ते याच वेळी विकून टाका किंवा गरजूला द्या.

उरलेल्या सामानाच्या मांडणीचे काही साधे नियम लक्षात ठेवावेत :

• बाहेरच्या दारापासून आतल्या दारापर्यंत किमान अडीच ते तीन फुटांची सरळ वाट मोकळी हवी. पाहणाऱ्याला टीपॉयला वळसा घालावा लागू नये.

• सोफ्याची पाठ दाराकडे नसावी. आत पाऊल टाकताच नजर समोरच्या खिडकीपर्यंत पोहोचली पाहिजे.

• उंच वस्तू, म्हणजे कपाट किंवा फ्रिज, दाराच्याच बाजूच्या भिंतीला लावावी. आत येणाऱ्याला ती समोर दिसत नाही आणि खोली दबलेली वाटत नाही.

• कपाटावरच्या सुटकेसा, पेट्या, गाद्या-रजयांचे ढीग खाली उतरवावेत. छतापर्यंत मोकळी भिंत दिसली की खोली उंच वाटते.

• झोपाळा असेल तर तो काढू नये. मात्र त्याच्या पुढे-मागे झोका घेण्याइतकी जागा दिसायला हवी.

सोफा जुना असेल तर नवा घेऊ नका. घर विकण्यासाठी फर्निचर घेणे हा उलटा व्यवहार आहे. धुतलेली चादर नीट खोचून घातली तरी पुरे. सोफाच नसेल तर लाज बाळगण्याचे कारण नाही. जळगावच्या कारखान्यांत विणलेली चटई देशभर जाते. तीच स्वच्छ धुऊन अंथरा, भिंतीशी दोन लोड ठेवा. लहान खोलीत जमिनीवरची बैठक सोफ्यापेक्षा ऐसपैस दिसते.

उजेड, हवा आणि खिडकीतला कूलर

खान्देशचा उन्हाळा सर्वांना ठाऊक आहे. मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो. त्यामुळे आपल्याकडची बैठक उन्हापासून वाचण्यासाठी सजलेली असते. खिडकीत पत्र्याचा मोठा कूलर, उरलेल्या खिडकीवर जाड पडदा, काचेवर कागद. राहणाऱ्याला हे सोयीचे असते, पण पाहणाऱ्याला खोली अंधारी वाटते.

घर हिवाळ्यात दाखवत असाल तर कूलर खिडकीतून काढून गच्चीवर ठेवा आणि खिडकी पूर्ण उघडा. उन्हाळ्यात दाखवत असाल तर कूलर राहू द्या. इथे राहणाऱ्याला तो कुठे बसतो हे पाहायचेच असते. फक्त टाकी धुवा, कुबट वास मारणारे गवत बदला. कूलरखाली भिंतीवर आणि फरशीवर पाण्यातल्या क्षारांचे पांढरे ओघळ असतात. चकचकीत टाइलवरचे डाग लिंबाने किंवा व्हिनेगरने निघतात. शहाबादी, कोटा किंवा संगमरवरी फरशीला मात्र लिंबू लावू नका. आम्लाने हा दगड खाल्ला जातो आणि त्याची चमक कायमची जाते. तिथे साबणाचे पाणी, मऊ ब्रश आणि थोडा घाम हेच औषध.

पडदे धुवा आणि दिवसा बाजूला बांधून ठेवा. काचा ओल्या वर्तमानपत्राने पुसा. खिडकीसमोरच्या भिंतीवर घरातलाच एखादा मोठा आरसा टांगला तर उजेड आत खेळतो. काळवंडलेली ट्यूब बदलायला फार पैसे लागत नाहीत. रंग द्यायचाच असेल तर पांढरा किंवा मोतिया द्या. गडद हिरवा, गुलाबी आपल्याला प्रिय असतो, पण पुढच्याला तो पुन्हा काढावा लागणार असतो.

वेळेचाही विचार करा. पश्चिमेची खोली दुपारी चारनंतर तापते, म्हणून ती सकाळी दाखवावी असे वाटणे साहजिक आहे. पहिल्यांदा सकाळी बोलवा, हरकत नाही. पण गिऱ्हाईक म्हणाले की दुपारी येतो, तर नाही म्हणू नका. उलट आपणच म्हणावे, एकदा दुपारीही बसून बघा. ज्याला पुढे वीस उन्हाळे तिथे काढायचे आहेत, त्याचा तेवढा हक्क आहे.

भिंतीवर काय ठेवावे?

पाहणाऱ्याला घर 'आपले' वाटावे म्हणून भिंतीवरची सगळी ओळख पुसून टाका, असा सल्ला काही जण देतात. कुटुंबाचे फोटो, मुलांच्या शाळेची पदके, पाच वर्षांची कॅलेंडरे उतरवावीत, हे बरोबरच आहे. पण तुगरा किंवा आयतीची तसबीरही काढावी का? मला तसे वाटत नाही. एक सुंदर तसबीर, स्वच्छ काचेची, योग्य उंचीवर, कोणत्याही खोलीची शोभा वाढवते. गिऱ्हाईक कोणत्याही समाजाचे असो, विकणाऱ्याचे नाव तो खरेदीखतावर वाचणारच आहे. धूळ खात पडलेल्या सहा फ्रेमा मात्र तसबिरींचाही मान राखत नाहीत. कुरआन शरीफ उंच, स्वच्छ फळीवर ठेवा. त्या फळीवर लाइटबिले आणि औषधांच्या पट्ट्या नकोत.

दिशा विचारल्या तर सरळ सांगा. कुणी दार पूर्वेला आहे का विचारेल, कुणी शौचालयाचे भांडे किब्ल्याच्या दिशेने तर बसवलेले नाही ना, हे पाहील. आपल्या भागातून किब्ला पश्चिमेकडे, किंचित उत्तरेला झुकलेला आहे. दोन्ही प्रश्न विचारणाऱ्याच्या श्रद्धेचे आहेत. वाद न घालता कंपास दाखवावा.

जुन्या गल्लीतले घर

इंग्रजी अमलाच्या आरंभी, १८१९ च्या सुमारास, कॅप्टन जॉन ब्रिग्ज यांनी धुळ्याची नवी वस्ती आखली. सरळ रस्ते आणि क्रमांकाने ओळखल्या जाणाऱ्या गल्ल्या ही जुन्या धुळ्याची खूण आजही आहे. अशा गल्ल्यांतली घरे पुढून अरुंद आणि आत खोल असतात. एका खोलीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत. तिथे एकटी बैठक मांडून भागत नाही. मधली सर्व दारे उघडी ठेवा, मधल्या चौकातल्या बादल्या, सायकली, भंगार हलवा. उजेड तिथूनच आत येतो, आणि दारात उभे राहून चौकापर्यंतचे ऊन दिसले की घराची खोली कळते.

यावल, रावेर, चोपडा, पारोळा या बाजूला अजूनही धाब्याची घरे आहेत. जाड मातीच्या भिंती, सागवानी तुळया, भिंतीत कोनाडे. कोनाडे रिकामे करा, तुळया पुसून घ्या. त्यांच्याखाली नवे खोटे छत बसवू नका. उन्हाळ्यात या खोल्या सिमेंटच्या खोल्यांपेक्षा थंड असतात, हे त्यांचे खरे मोल आहे. मात्र एक ओळखावे : आलेला माणूस घर घेतोय की जागा? पाडून नवे बांधणाऱ्याला सोफ्याशी काही देणे-घेणे नसते. त्याला हद्दी मोकळ्या करून दाखवा आणि मोजमापाचा नकाशा पुढे ठेवा.

पाहायला येतील तेव्हा

वेळ ठरवून बोलवा, म्हणजे घरातल्या बायकांची आणि पडद्याची सोय राहते. पाहणाऱ्या कुटुंबातल्या महिलांनाही बोलवा. मोरी, ओटा, वाळवणाची गच्ची त्या पाहतात आणि बहुतेक वेळा निर्णयही त्यांचाच असतो. त्या दिवशी भरताची वांगी भाजणे किंवा पायाचे भांडे चढवणे टाळा. खिडक्या तासभर आधी उघडा. अत्तर शिंपडून वास दाबण्यापेक्षा हवा खेळवणे चांगले. दागिने, पासबुके कुलपात ठेवा. घरातल्या एकानेच माहिती द्यावी. चार जण चार किमती सांगू लागले की बोलणी तिथेच फिसकटतात.

पाण्याचा प्रश्न पहिल्या पाच मिनिटांत येतो. नळ किती दिवसांनी येतो, किती वेळ येतो, खरे सांगा; शेजारी सांगणारच आहेत. हौदाचे माप माहीत असू द्या. पाच फूट लांब, चार फूट रुंद आणि पाच फूट खोल म्हणजे १०० घनफूट. एका घनफुटात सुमारे २८.३ लिटर, म्हणजे हौदात २,८३० लिटर पाणी मावते. 'खूप मोठा हौद आहे' यापेक्षा हा आकडा जास्त विश्वास देतो.

मांडणी संपते आणि झाकणे सुरू होते

इथवर सांगितले ते सारे जागा दाखवण्यासाठी. पण हेच कपाट ओल आलेल्या भिंतीपुढे सरकवले तर? फुटलेल्या फरशीवर मुद्दाम चटई टाकली तर? गच्ची गळते हे माहीत असून छताला घाईने रंगाचा हात दिला तर? हात तेच, सामान तेच, पण काम बदलले.

प्रेषित मुहम्मद (स.) एकदा बाजारात धान्याच्या ढिगाजवळ थांबले. त्यांनी ढिगात हात घातला तर आतले धान्य ओले लागले. विक्रेत्याने सांगितले, पावसाने भिजले. त्यावर प्रेषितांनी विचारले की मग ते ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही. आणि फसवणारा आपल्यातला नाही, असे बजावले. सहीह मुस्लिममधला हा प्रसंग आपण अनेकदा ऐकतो. यात एक बारकावा आहे. धान्य भिजणे हा गुन्हा नव्हता. पाऊस कुणाच्या हातात नसतो. ओले खाली आणि कोरडे वर ही मांडणी चूक होती. घराला ओल येते, भिंतीला तडा जातो, त्यात लाजण्यासारखे काही नाही. सोफा कुठे ठेवला, हा खरा प्रश्न आहे.

इमाम अबू हनीफा (रह.) कापडाचे व्यापारी होते. त्यांच्या भागीदाराने दोष असलेले कापड, दोष सांगायचे विसरून विकले, तेव्हा त्या मालाची सगळी रक्कम इमामसाहेबांनी दान केली, असे त्यांच्या चरित्रांत सांगितले जाते. फिकहमध्ये 'खियार-ए-ऐब' आहे : लपलेला जुना दोष नंतर सापडला तर खरेदीदाराला व्यवहार परतवण्याचा हक्क असतो.

देशाचा कायदाही हेच सांगतो. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५५ नुसार, विकणाऱ्याला माहीत असलेला पण घेणाऱ्याला साध्या काळजीने कळू न शकणारा महत्त्वाचा दोष सांगणे विकणाऱ्याचे कर्तव्य आहे; तो न सांगणे ही लबाडी मानली आहे.

मग करायचे काय? सोफा भिंतीपासून चार बोटे पुढे ओढून ठेवा, म्हणजे भिंत दिसते आणि हवाही लागते. जे दुरुस्त होते ते आधी दुरुस्त करा : गळका नळ, करकरणारे दार, तुंबलेले गटार. जे होत नाही ते एका कागदावर लिहा. 'उत्तरेच्या भिंतीला पावसाळ्यात ओल येते. मोटर दुसऱ्यांदा भरली आहे.' गवंड्याकडून दुरुस्तीचा अंदाज घेऊन तोही लिहा. सांगितलेल्या दोषाची किंमत दुरुस्तीएवढीच कमी होते. न सांगता सापडलेला दोष मात्र घरातल्या प्रत्येक भिंतीवर संशय आणतो, आणि इसार दिलेला असला तरी माणूस माघार घेऊ पाहतो.

कागदातली ओल

कलम ५५ मध्ये दोष म्हणजे केवळ भिंतीचा दोष नव्हे, मालकी हक्कातला दोषही येतो. आपल्या घरांत हाच दोष सर्वांत जास्त झाकला जातो. घर मरहूम अब्बांच्या नावावर असते, बोलणी दोघे भाऊ करतात आणि सासरी गेलेल्या बहिणींना बातमी शेवटी कळते.

सूरह अन्-निसाच्या ११ व्या आणि १२ व्या आयतींत वारसांचे हिस्से ठरवून दिले आहेत. वहीवर मांडून पाहू. समजा, वडील वारले. मागे पत्नी, दोन मुलगे, दोन मुली आहेत. आजी-आजोबा हयात नाहीत. कफन-दफनाचा खर्च, कर्ज, बाकी राहिलेले मेहर (तेही कर्जच आहे) आणि वसीयत वजा जाता घराचे २४ लाख उरले. पत्नीचा आठवा हिस्सा ३ लाख. राहिले २१ लाख. मुलाचे दोन आणि मुलीचा एक असे सहा भाग केले, तर प्रत्येक मुलाला ७ लाख आणि प्रत्येक मुलीला साडेतीन लाख. हा हिशेब पाचवीतल्या मुलालाही जमतो. घरातल्या मोठ्यांना तो जमत नाही, कारण तो मांडलाच जात नाही.

बहिणीने स्वखुशीने हिस्सा सोडला तर तो तिचा अधिकार. पण आधी तिला आकडा सांगितला पाहिजे, मग विचारले पाहिजे. भर बैठकीत चार नातेवाइकांसमोर हक्कसोडपत्र पुढे सरकवणे म्हणजे विचारणे नव्हे. आणि घेणाऱ्याचा वकील हुशार असेल तर तो सर्व वारसांच्या सह्या मागणारच.

म्हणून टीपॉयवर फुलदाणीऐवजी एक फाइल ठेवा : सिटी सर्व्हेचा उतारा किंवा सातबारा आणि बिनशेतीचा आदेश, आधीची खरेदीखते, मंजूर नकाशा, घरपट्टी-पाणीपट्टीच्या पावत्या, वीजबिल, मृत्यूचा दाखला, वारसांची यादी आणि वर सांगितलेला दोषांचा कागद. शेजाऱ्यालाही आधी सांगा. हनफी फिकहमध्ये सहमालकाला आणि शेजाऱ्याला शुफाचा, म्हणजे आधी विकत घेण्याचा, हक्क मानला आहे. वर्षानुवर्षे एका भिंतीला टेकून राहिलेल्याला घर विकल्याची बातमी दलालाकडून कळू नये.

एवढी तयारी करायला दोन सुट्ट्यांचे दिवस पुरतात. पहिल्या दिवशी टेप, झाडू आणि पाण्याची बादली घ्या. दुसऱ्या दिवशी वही काढा आणि बहिणींना फोन करा. दुसऱ्या दिवसाचे काम झाल्याशिवाय गिऱ्हाईक बोलावू नका.